अठ्ठावीस दूनम

अबू सुहैरनी गाढव बांधाशी वळवलं, नांगराच्या फाळाला चिकटलेली माती टाचेनं पाडली आणि मुलीला हाक मारली.

"पोरी, ते पुस्तक ठेव. रुमणं धर जरा, कंबर सरळ करतो."

"उत्तरपत्रिका आहेत, बाबा."

सुहैर रामल्लाच्या शाळेत इतिहास शिकवायची. शुक्रवारी गावी यायची, बांधावर बसायची. रुमण्याला तिनं कधी हात लावला नव्हता.

"तुमच्या या जमिनीत जव तरी किती होणार? बकऱ्यांनाही पुरत नाही."

"तुमच्या जमिनीत!" शेजारच्या शेतातून हाजी लुत्फी हसला. "ऐकलंस ना, अबू सुहैर? पाहुणी आलीये. कॉफी ठेव."

"जवासाठी कोण नांगरतंय?" अबू सुहैरनी समोरच्या टेकडीवरच्या नव्या वसाहतीकडे हनुवटी केली. "विमानातून फोटो काढतात ते. फोटोत नांगराची तासं दिसायला हवीत, विरळ असली तरी."

चूक सुहैरच्या पणजोबांची होती. तुर्की सुलतानाचा सारा वाचवायला त्यांनी चाळीस दूनमांपैकी, म्हणजे दहाएक एकरांपैकी, बाराच दूनम कागदावर चढवले. अख्ख्या गावानं तेच केलं होतं आणि स्वतःला हुशार समजलं होतं. पुढे इंग्रज आले, मग जॉर्डन. मोजणी गावाच्या वेशीपर्यंत आली, आणि सदुसष्टच्या लढाईनंतर आलेल्या लष्करानं ती थांबवली. उरलेल्या अठ्ठावीस दूनमांना कागद नाही, फक्त नांगर. सुलतानाचा एक कायदा मात्र लष्करानं जपून ठेवला होता: तीन वर्षं पडीक राहिली, की जमीन सरकारजमा.

गुडघ्यांपायी अबू सुहैरची दोन वर्षं अंथरुणात गेली होती. हे तिसरं. पुढच्या गुरुवारी लष्कराची पाहणी होती.

"कोर्टात तुझा इतिहास चालतो का गं?"

"नाही चालत."

"मग माझं गाढव बरं. चालतं तरी."

सुहैरला हसू आलं. ऊन उतरलं तेव्हा अर्धं शेत झालं होतं.

"उरलेलं उद्या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या नमाजाला ते उठले नाहीत.

तीन दिवस अंगणात माणसं येत राहिली, दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी फिरत राहिली. चौथ्या दिवशी सुहैरनं वडिलांचे बूट घातले, पुढे कापड कोंबलं आणि गाढव सोडलं.

"अगं, मी नांगरून देतो की," लुत्फी म्हणाला.

"तुम्ही बांधावर बसा, काका. चुकलं की ओरडा."

तो दोन दिवस ओरडला. "दाबू नकोस! दगड लागला की उचल फाळ! गाढवाला कळतंय, तुला कळत नाही!" बुधवारी दुपारनंतर त्याला ओरडायची गरज पडली नाही. तळहातांना फडकी बांधून सुहैरनं शेवटचं तास बांधापर्यंत नेलं.

गुरुवारी पाहणीचा अधिकारी आला. एक सैनिक गाडीपाशी थांबला. अधिकाऱ्यानं नकाशा उघडला, शेताकडे पाहिलं.

"कसणारा वारला, असं कळलं."

"हो. माझे वडील."

"मग हे कोणी नांगरलं?" त्यानं बांधावर बसलेल्या लुत्फीकडे पाहिलं. लुत्फीनं सुहैरकडे हनुवटी केली.

"मी."

अधिकारी शेताच्या मधोमध जाऊन उभा राहिला. तिथपर्यंतची तासं दोरी लावल्यासारखी होती. पुढची दगडादगडाला वळसे घेत गेलेली.

"इथून वाकडी झालीत."

"सरळ आहेत ती बाबांची," सुहैर म्हणाली. "वाकडी माझी."

त्यानं पेन काढलं. "आणि जमीन? कोणाची म्हणून लिहू?"

लुत्फीनं मान वर केली.

"माझी," ती म्हणाली. "लिहा."