जानेवारीचा गॅस

सुचित्राने आकडा तिसऱ्यांदा तपासला. गेल्या जानेवारीपेक्षा गॅस तीस टक्के जास्त जळला होता. थंडी मात्र दोन्ही वर्षी जवळजवळ सारखीच.

फेब्रुवारी २००८. अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधल्या एका छोट्या कन्सल्टन्सीत ती इंजिनिअर होती. चौऱ्याऐंशी घरांच्या एका जुन्या अपार्टमेंट बिल्डिंगच्या मालकाने, आपली इमारत वर्षभरात किती कार्बन हवेत सोडते ते जाहीर करायचं स्वतःहून कबूल केलं होतं. जानेवारीअखेरपर्यंतचा रिपोर्ट शुक्रवारी पाचच्या आत पाठवायचा होता. आज गुरुवार.

"मीटरचं रीडिंग चुकलं असेल," गिरीश दाते म्हणाले. कंपनी त्यांची, सुचित्राचा व्हिसाही त्याच कंपनीवर. "गेल्या वर्षीचा आकडा टाक आणि 'एस्टिमेटेड' लिही."

"रीडिंग नसेल तर तसं चालतं, सर. इथे रीडिंग आहे."

"क्लायंटने पेपरवाल्यांना बोलावलंय. एमिशन कमी केलं म्हणून सांगणार आहेत ते. आणि तू वाढ दाखवणार?"

"मी एकदा तिथला हीटिंगचा बॉयलर बघून येते."

"बघण्यासारखं काही नाहीये तिथे. फायनल करून पाठव."

लंच ब्रेकमध्ये ती गाडी काढून निघाली. नोकरी गेली तर महिन्याभरात गाशा गुंडाळून नागपूरला जावं लागेल, हे तिला माहीत होतं.

इमारतीची देखभाल करणारा वॉल्ट तिला तळघरात घेऊन गेला. बॉयलरच्या छोट्या काचेतून तिने आत पाहिलं. ज्योत निळी असायला हवी होती. ती पिवळी होती, आळसट, हेलकावे खाणारी. वरच्या पत्र्यावर काजळी धरली होती.

"असं कधीपासून आहे?"

"ख्रिसमसपासून असेल," वॉल्ट म्हणाला. "हीट पुरेना, म्हणून मी सेटिंग वाढवलं."

म्हणजे आकडा बरोबर होता. गॅस नीट जळत नव्हता. आणि नीट न जळलेल्या गॅसचा विषारी वायू, ज्याला ना वास ना रंग, तो कुठेतरी जात होता.

"याच्या बरोबर वर कोण राहतं?"

"एक इंडियन बाई. एकट्याच असतात."

वर जाऊन दोनदा बेल वाजवल्यावर त्या बाईंनी, रत्नाकाकूंनी, दार उघडलं. सत्तरीच्या, अंगावर शाल, चेहरा ओढलेला. सुचित्राने मराठीत नाव सांगितलं तशा त्या हसल्या.

"ये गं. फ्लू झालाय मला. आठ दिवस डोकं नुसतं भणभणतंय, अन्न बघवत नाही."

थंडी आत येऊ नये म्हणून खिडक्यांना प्लॅस्टिक चिकटवलेलं होतं.

"काकू, बाहेर गेल्यावर बरं वाटतं का?"

"हो, अगदी मोकळं वाटतं. रविवारी देवळात गेले तर डोकं दुखायचंच थांबलं. घरी आले की परत सुरू."

"कोट घाला. आत्ता, लगेच."

"अगं, पण चहा तरी…"

"चहा नको, काकू. चला!"

कॉरिडॉरमध्ये काकूंचे पाय लटपटले. सुचित्राने त्यांना कमरेत धरलं आणि वॉल्टला ओरडून सांगितलं, "बॉयलर बंद कर! सगळ्यांना बाहेर काढ!" दुसऱ्या हाताने तिने आणीबाणीचा ९११ नंबर लावला.

अग्निशमन दलाच्या माणसाच्या हातातलं वायू मोजायचं यंत्र तळघराच्या जिन्यावरच किंचाळायला लागलं. धुराड्यात विटा ढासळल्या होत्या, वायू उलटा घरांत शिरत होता. माणसं लहान मुलांना ब्लँकेटमध्ये गुंडाळून बर्फात उभी होती. काकूंना ॲम्ब्युलन्समध्येच ऑक्सिजन लावला.

ती काकूंबरोबर हॉस्पिटलमध्ये असताना गिरीशचा फोन आला. "९११च्या आधी मला फोन करता आला नाही तुला?"

"नाही, सर. एका बाईंना उभंही राहवत नव्हतं."

"त्या बाई कशा आहेत?" गिरीशनी विचारलं.

"वाचल्या. आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नाही, म्हणाले डॉक्टर."

शुक्रवारी तिने खरा आकडा लिहिला आणि खाली बॉयलरबद्दल चार ओळी. गिरीशनी उभ्याउभ्या दोनदा वाचलं. काहीच खोडलं नाही. सही करून कागद तिच्यासमोर ठेवला आणि केबिनचं दार लावून घेतलं.

पुढच्या आठवड्यात मालकाने काम दुसऱ्या कंपनीला दिलं. महिनाभर गिरीश तिच्याशी कामापुरतंच बोलत होते, पण तिला काढलं नाही.

रत्नाकाकू जवळच्या नोव्हाय गावात पुतणीकडे राहायला गेल्या. धुराडं दुरुस्त झालं होतं, प्रत्येक घरात त्या वायूचा नवा अलार्मही बसला होता. "तरी त्या घरात आता डोळा लागत नाही गं," म्हणाल्या. एका शनिवारी सुचित्रा त्यांची भांडी बांधायला गेली, आणि संध्याकाळी त्यांना गाडीत घालून पोचवून आली.