दोन वॉर्ड, एकच खण

मित्रांनो, मी एक जुना मॉड्यूल आहे. म्हणजे पायथन भाषेतल्या मोठ्या प्रोग्रामला जोडलेला, सी भाषेत लिहिलेला साडेसहाशे ओळींचा तुकडा. रुग्णालयातल्या बाळांच्या वजनावरून औषधाची मात्रा काढणे, हे माझे काम.

मला लिहिले ते तिथल्या इंजिनिअर बाईंनी, जिन्याखालच्या गार खोलीत, अंगात स्वेटर घालून. तेव्हा वॉर्ड एकच होता, नवजात बाळांचा. म्हणून वजन ठेवायला त्यांनी मला एकच खण दिला. कामापुरती मेमरी मी मागून घ्यायचो, पण परत करायला मला कुणी शिकवले नव्हते. मशीन रोज सकाळी बंद करून पुन्हा चालू करत, तेव्हा अडकलेली मेमरी आपोआप मोकळी व्हायची, त्यामुळे ते कुणाच्या ध्यानात आले नाही. "हा कधी चुकत नाही," असे सिस्टर म्हणायच्या. पुढे पुढे तेही कुणी म्हणेनासे झाले.

अकराव्या वर्षी मोठ्या मुलांचा वॉर्ड सुरू झाला. त्याच प्रोग्राममध्ये त्याच्यासाठी दुसरा इंटरप्रिटर, म्हणजे पायथनच्या ओळी वाचून चालवणारा, चालू केला. दोन्ही वॉर्डांची कामे वेगळी झाली, माझा खण मात्र एकच राहिला. मशीनही आता कधी बंद करत नसत. साचलेल्या मेमरीने मी जड झालो. साध्या उत्तरालाही वेळ लागू लागला.

एका दुपारी एका बाळाचे वजन खणात आले. मी रेंगाळत होतो, तेवढ्यात दुसऱ्या वॉर्डातल्या मुलाचे वजन त्यावर येऊन पडले. मी तेच धरून मात्रा काढली. सिस्टरांनी सिरिंज भरली, पडद्याकडे पुन्हा पाहिले आणि हात आवरला.

"दीड किलोच्या बाळाला एवढं?"

त्यांनी कागदावर मात्रा काढली. माझा आकडा दहापट होता.

सिस्टरांचा फोन जाताच इंजिनिअर बाई धापा टाकत आल्या. त्यांचे केस आता पिकले होते.

"चूक माझी आहे, सिस्टर. मी खण एकच ठेवला."

"ते मग बोलू. आधी याची मात्रा तुम्हीही काढून बघा."

दोघींची उत्तरे जुळली, तेव्हाच बाळाला औषध मिळाले.

चार दिवस सिस्टरांनी दोन्ही वॉर्डांच्या मात्रा हाताने काढल्या. तोवर बाईंनी मला ओळीनओळ उसवले. प्रत्येक वॉर्डाच्या इंटरप्रिटरला स्वतःचा खण दिला, आणि काम संपले की मेमरी परत करायला मला शिकवले.

ते बाळ महिन्याभराने घरी गेले. शेवटच्या दिवशी त्याचे वजन आले, दोन किलो शंभर ग्रॅम. ते त्याच्याच वॉर्डाच्या खणात होते.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. तुम्ही कधी असा मॉड्यूल लिहिलात, तर आज दारात एकच जण उभा आहे म्हणून जागा एकाचीच ठेवू नका. घेतलेली मेमरी वेळेवर सोडा. आणि माझ्यासारख्या जुन्याचे उत्तर हाती आले, तर एकदा स्वतः पडताळून बघा. त्याने मला वाईट वाटत नाही. जरा हलके वाटते.