आबासाहेबांची गाडी कुठवर आली

ती मालिका आमच्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिली नाही. तरी तिच्यावरून आम्ही जेवढ्या भांडलो, तेवढ्या नळावर पाण्यावरूनही भांडलो नसू. पंच्याहत्तर साल ते. सोलापुरात टीव्ही होता कुठं तेव्हा? टीव्ही म्हणजे मुंबईला, नाहीतर पुण्याला. आमच्या रेल्वे कॉलनीत चार घरांत रेडिओ होता आणि तो लागला की बाकीच्यांनी खिडकीशी उभं राहायचं.

मालिका बघायचा तो एकटा मुकुंद. गार्ड होता, आमच्या शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहायचा, मला अक्का म्हणायचा. त्याची गाडी रविवारी संध्याकाळी पुण्याला पोचायची आणि मुक्काम तिथंच असायचा. स्टेशनजवळच्या एका रेडिओच्या दुकानात काचेच्या आत टीव्ही लावून ठेवलेला, आणि बाहेर फुटपाथवर ही गर्दी. त्यात हा उभा. काचेमुळं आवाज बाहेर येत नसे, चित्र तेवढं दिसायचं. काळ्याभोर आभाळातून चाललेली एक गाडी, आत माणसं, खिडकीबाहेर चांदण्याच चांदण्या. विलायती मालिका, वर्षानुवर्षं चाललेली, संपायचं नावच नाही.

हे तो एकदा अंगणात आमच्या मालकांना सांगत होता. मी ज्वारी निवडत बसले होते. सांगताना त्याचा चेहरा उजळलेला दिसला आणि माझे हात थांबले. दीड वर्षात त्या तोंडावर मी हसू पाहिलं नव्हतं.

कारण असं, की दीड वर्षापूर्वी त्याची बायको पद्मजा पहिल्या बाळंतपणाला अक्कलकोटला माहेरी गेली. मुलगी झाली. मुकुंद बारशाला म्हणून रजा काढून निघाला, आणि हा तिथं पोचायच्या आदल्या दिवशी पोर गेली. त्यानं तिला बघितलंच नाही. नाव ठेवायचं राहून गेलं. आता बारशाआधी गेलेल्या लेकराचा विषय आमच्याकडं कुणी काढत नाही. वाईट मनानं नाही हो, बाईला त्रास नको म्हणून. पण या दोघांनी सगळेच विषय बंद करून टाकले. ‘डबा भरलाय.’ ‘बरं.’ एवढंच भिंतीपलीकडून ऐकू यायचं. शेवटी पद्मजाचा भाऊ येऊन गेला, यज्ञेश्वर मास्तर. संक्रांत झाली की हिला अक्कलकोटला नेतो, तिथं बालवाडीत लावतो, म्हणाला. म्हणजे कायमचीच की. तीही नको म्हणाली नाही, हाही नको म्हणाला नाही. माझं डोकं असं फिरलं म्हणता! दोन्ही माणसं सोन्यासारखी, आणि बोलत नाहीत म्हणून संसार मोडायचा?

मुकुंदचा तो उजळलेला चेहरा आठवून दुसऱ्या दिवशी मी पद्मजाला फर्मावलं, “नवऱ्याला विचार, त्या आभाळातल्या गाडीचं पुढं काय झालं. आणि दुपारी येऊन आम्हाला सांग.”

“मी विचारू?”

“मग काय मी विचारू? तुझा नवरा आहे का माझा?”

खरं म्हणजे मुकुंद मला अख्खी गोष्ट उभ्या उभ्या सांगायला तयार होता. पण मला गोष्ट नकोच होती. ती दोघं बोलायला हवी होती.

दुपारी आम्ही चौघीजणी अंगणात गोधडी घेऊन बसायचो. चार कोपऱ्यांना चौघी. मी, पद्मजा, दुधनीची दानम्मा आणि आमच्यात थोरली सोजरबाई. पाऊस सरलेला, पाठीवर ऊन, लांब गिरणीची घरघर आणि यार्डात शंटिंगचे धक्के. अशा वेळी डोळ्यांवर नुसती झापड येते. त्या झापडीत पद्मजा हळू आवाजात सांगायला लागली, की एक गाडी आहे, तिला रूळ नाहीत, ती एका चांदणीवरून दुसऱ्या चांदणीवर जाते आणि घरचा रस्ता शोधते.

“गार्ड कुटं बसतो तिच्यात?” सोजरबाईनं विचारलं.

“गार्ड नाही म्हणे.”

“न्हाय? आगं मग गाडी सुटतीच कशी? हिरवा बावटा कोन दावतं?”

झालं. पहिला भाग तिथंच अडला. दानम्माचा नवरा फिटर, ती म्हणाली आभाळात समोरून कोण येतंय, कशाला बावटा पाहिजे. सोजरबाईनं सुई खाली ठेवली. तिचा मुलगा इंजिनवर फायरमन, तिला हे पटणारच नव्हतं. शेवटी पद्मजा म्हणाली, “मी विचारून येते.” आणि त्या दिवशी ती नवऱ्याशी स्वतःहून एक वाक्य जास्तीचं बोलली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, मागच्या डब्यात गार्ड आहे, पण काचेतून दिसत नाही. सोजरबाई म्हणाली, मग ठीक हाय.

हळूहळू घडी बसली. दर मंगळवारी नवीन भाग. त्या माणसांची खरी नावं कुणाला ऐकूच आली नव्हती, मग आम्हीच ठेवली. कप्तान ते आबासाहेब. त्यांच्या शेजारी उभी राहणारी ती मालती. पत्र्याचा एक गडी होता, काम करायचा आणि कधी जेवायचा नाही, तो सिदू.

आणि मग मतं! एका भागात दगडांचा पाऊस पडायचा, पण दगड कापसासारखे सावकाश खाली यायचे आणि माणसं त्यातून हात पसरून चालायची. तो सोजरबाईचा सगळ्यात आवडता. चार दिवस ती नळावर सुद्धा तेच सांगत होती. एका भागात दोन आबासाहेब, एक खरे, एक खोटे, आणि मालतीला ओळखू येईना. मी म्हटलं, हा भाग साफ फसलाय. एका घरात नांदणाऱ्या बाईला माणूस ओळखू येत नाही होय? पाऊल वाजलं की कळतं. दानम्मा म्हणाली, “अय्यो, माझ्या नवऱ्यासारखे दोन आले तर दोघांनाही बाहेर घालवीन मी.” पद्मजा हसली. मग ती माझं मत घरी घेऊन गेली आणि मुकुंदचा निरोप घेऊन आली, की अक्काला सांग, मालतीला ओळखू आलं होतं, पण तिनं सांगितलं नाही.

मी रात्रभर त्यावर विचार केला. हा पठ्ठ्या काचेबाहेर उभा राहून, एक शब्द ऐकू येत नसताना, हे सगळं कुठून आणतो?

माझा आवडता भाग मात्र वेगळाच. त्यात काहीच होत नाही. सिग्नल मिळत नाही म्हणून गाडी आभाळात उभी राहते. सगळी माणसं खिडक्यांशी येतात. बाहेर काही नाही, लांबवर धुळीचा एक पांढुरका पट्टा तेवढा सरकतोय. आबासाहेब चहा घेतात. मालती केसांना तेल लावते. एवढंच. दानम्माला जांभया येत होत्या, पण मला वाटलं आपलं अंगणच जमिनीवरून चार बोटं उचललंय, आणि ऊन, गोधडी, वाळत घातलेली मिरची, आम्ही चौघी, सगळं तसंच हलके हलके कुठंतरी चाललंय. असं मला आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही.

दिवाळीनंतर एकदा मी आमच्या मालकांना सहज म्हटलं, “मुकुंदला म्हणावं, पुण्याहून येताना अंजीर आण थोडे.”

मालक यार्डात पॉइंट्समन, गाड्यांचे सांधे बदलायचे. ते म्हणाले, “मुकुंदराव पुण्याला कुटं जात्यात आता? दिवाळीपास्नं वाडी जंक्शनच्या गाडीवर हायत की.”

“रविवारी?”

“रविवारी बी. तिकडंच मुक्काम.”

वाडीला कुठला आलाय टीव्ही! मी चुलीपुढं तशीच बसून राहिले. दिवाळीपासूनचे भाग आठवायला लागले. आणि मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. त्याचा डबा पद्मजाच भरत होती. वाडीला जायचा डबा वेगळ्या वेळेला भरायचा. तिला ठाऊक नाही असं कसं होईल? तो घरी बसून गोष्ट रचत होता, तिला कळत होतं, आणि ती दर मंगळवारी येऊन शपथेवर पाहिल्यासारखी आम्हाला सांगत होती. मी मालकांना बजावलं, हे कॉलनीत कुणापुढं बोललात तर याद राखा.

त्यानंतर मी भागांना नावं ठेवायची बंद केली. दुसऱ्या कुणी ठेवली तर मात्र अंगावर जायची.

कारण दिवाळीनंतरच्या भागांत ती पेटी आली होती. काचेची पेटी, आभाळात एकटीच तरंगणारी. आत एक छोटी मुलगी झोपलेली. आबासाहेबांनी पेटी गाडीत घेतली. मुलगी उठेना. मग आठवडेच्या आठवडे तेच. आबासाहेब रोज जाऊन पेटीजवळ उभे राहतात. मालती त्या दारावरून जाते आणि मान वळवत नाही. दोघं एकमेकांशी हवेचं बोलतात, पाण्याचं बोलतात, पेटीचं बोलत नाहीत. सिदू तेवढा काच पुसतो.

“लांबवलंय उगीच,” दानम्मा म्हणाली. “एकतर उठवा म्हणावं पोरीला, नाहीतर द्या सोडून.”

“तू गप गं,” मी म्हटलं. “तुला काय कळतंय?”

“अगं पण गोष्ट पुढं जायला नको का?”

ती बरोबरच बोलत होती. संक्रांत आली आणि गेली. तिळगूळ वाटून झाला. पद्मजाच्या घरात खाटेखालची ट्रंक बाहेर काढून पुसलेली मी पाहिली. पुढच्या मंगळवारी यज्ञेश्वर मास्तर न्यायला येणार होते.

त्याच्या आधीच्या मंगळवारी पद्मजा उशिरा आली. बसली, सुईत दोरा ओवला, पण टाका घातला नाही.

“पेटी उघडली,” ती म्हणाली. “पोर अजून झोपलेलीच आहे. गाडीतला म्हातारा डॉक्टर म्हणतो, हिला नावानं हाक मारल्याशिवाय ही हलायची नाही. पण नाव कुणालाच माहीत नाही. आबासाहेब म्हणाले, मालतीला विचारा.”

“मग? काय म्हणाली मालती?”

“तिथंच थांबले हे. म्हणाले, पुढचं मला येत नाही. तुमच्या बायकांना विचार, नाव काय असावं.”

दानम्मानं लगेच आजीचं नाव पुढं केलं, मल्लव्वा. सोजरबाई म्हणाली, आभाळातल्या पोरीला मल्लव्वा कुणी म्हनतं का, बजाबाई ठेवा, लई दांडगं नाव हाय. दोघींची जुंपली. मी पद्मजाकडं बघत होते. ती गोधडीच्या मधोमध बघत होती, तिथं काही नव्हतं.

“मंजिरी,” ती म्हणाली.

दोघी तिच्याकडं वळल्या.

“आमचं ठरलं होतं तेव्हा. मुलगी झाली तर मंजिरी. यांनीच सुचवलं होतं.”

यार्डात एक इंजिन वाफ सोडत उभं होतं. दानम्मा इतकी बडबडी बाई, पण पदर तोंडाला लावून बसली. सुचलं ते सोजरबाईला. तिनं पाय आखडून घेतले, नीट बसली आणि म्हणाली, “आत्या कोन हाय हितं?”

मुकुंदला बहीण नाही. मी म्हटलं, “मी आहे.”

“मग सांग की कानात.”

“कुणाच्या कानात, सोजरबाई?”

“पेटीतल्या. आनि कुनाच्या?”

मला वाटलं पद्मजा उठून जाईल. ती उठली नाही. उलट गोधडीची आपल्या बाजूची सुरकुती तिनं हातानं साफ केली, जागा करून दिल्यासारखी. मी पुढं वाकले. ऊन तापलेलं होतं, कापडाला उन्हाचा वास येत होता, आणि देवाशपथ सांगते, मला तिथं कुणीतरी झोपलंय असं वाटलं. मी अगदी हळू म्हटलं, मंजिरी. तशा त्या दोघी “कुर्रर्र” करून माझ्या पाठीत धपाटे घालायला लागल्या, रीतच आहे ती, बारशाला आत्यानं नाव सांगितलं की बायका तिची पाठ बडवतात. तिसरा धपाटा सगळ्यांत जोरात बसला. तो पद्मजाचा होता. मग ती माझ्या पाठीवर डोकं टेकून रडली. खूप रडली. आम्ही कुणी उगी म्हणालो नाही.

पुढच्या मंगळवारी यज्ञेश्वर मास्तर सकाळच्या गाडीनं येऊन बसले. अंगणातल्या खाटेवर टोपी काढून पेपर वाचत होते. आम्ही गोधडी पसरली, पण तिघींचंही लक्ष मुकुंदच्या दाराकडं. पद्मजा बाहेर आली. नेसूचं साधंच लुगडं, प्रवासाचं नव्हे. आली आणि आपल्या कोपऱ्यावर बसली.

दानम्माला दम कुठला? “उठली का गं पोर?”

“या वेळी भाग नाही झाला,” पद्मजा म्हणाली. “आम्ही बोलत बसलो.”

“काय बोललात?” मी विचारलं.

“ती कशी होती, विचारलं त्यांनी. रंग कसा होता, जावळ होतं का, रडायची कशी. त्यांनी बघितलीच नव्हती ना, अक्का. आणि इतक्या दिवसांत मी सांगितलंच नव्हतं.” तिनं सुईत दोरा ओवला. “कान अगदी यांच्यावर गेले होते. ते ऐकून किती वेळ नुसते स्वतःचे कान चाचपत बसले.”

सोजरबाईनं खाटेकडं मान हलवली. “आन् भाऊ?”

“दादा जेवून संध्याकाळच्या गाडीनं जातील.”

“एकटाच?”

“एकटेच.”

आम्ही टाके घालायला लागलो. एक ओळ पुरी झाली आणि दानम्मा म्हणाली, “ते सगळं खरं गं, पण आबासाहेबांची गाडी आता कुठवर आली म्हणायची?”

“अगं, चुलीत गेली तुझी गाडी!” मी अशी ओरडले की मास्तरांनी पेपर खाली केला. मला रडू आवरत नव्हतं आणि हसूही येत होतं. ते कुणाला दिसू नये म्हणून मी दातानं दोरा तोडत बसले.