ध्रुवावरच्या स्टोव्हची बदनामी

मी एक जुना पितळी स्टोव्ह आहे, आणि मित्रांनो, जन्मभर मी फुकटची बोलणी खाल्ली आहेत!

बुधवार पेठेतल्या दुकानातून रावसाहेबांनी मला उचलले आणि थेट दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर नेले. तिथल्या मरणाच्या थंडीत रावसाहेबांना आणि त्यांचा जोडीदार महिपती याला बर्फ वितळवून मीच पाणी पाजले. ध्रुव हाकेवर आला आणि एका सकाळी मला पेटीत कोंबून दोघे माघारी फिरले. पुण्यात रावसाहेबांनी सांगितले, "काय करणार, स्टोव्हच बंद पडला."

मी? बंद? धडधडीत खोटे! लोकांनाही ते पटले नाही. "नाचता येईना, अंगण वाकडे," असे म्हणत त्यांनी रावसाहेबांना पळपुटे ठरवले. रावसाहेब नुसते हसत. घरी त्यांनी मला कधी पेटवले नाही, पण गेल्या वर्षी डोळे मिटेपर्यंत माझ्या वॉशरला तेल घालीत राहिले. मग खोटे का बोलले? या विचाराने माझा जीव नुसता आंबून गेला होता.

परवा त्यांची नात ओवी मला खडकीच्या वाचनालयात व्याख्यानाला घेऊन गेली. आजोबांवरचा डाग पुसायचाच, असा तिचा हट्ट. "हा बघा तो नादुरुस्त स्टोव्ह," ती म्हणाली. "आजोबा पळाले नव्हते."

पुढच्या रांगेतले चेतनराव उठले. "अहो, मग पेटवून दाखवा की! रॉकेल आणलंय मी." घ्या! पुणेकराची शंका रॉकेलसकट येते.

पेटलो तर रावसाहेब खोटे, न पेटलो तर मी भंगारात. पोरीकडे बघून मी श्वास कोंडला हो, पण स्वभावाला औषध नाही. चेतनरावांनी काकडा लावला, पंप मारला आणि मी फुरफुरत निळा पेटलो.

"म्हणजे खोटारडेसुद्धा!" चेतनराव म्हणाले. ओवी रडकुंडीला आली.

तेवढ्यात मागून एक म्हातारा काठी टेकत उठला. महिपती!

"भ्यालो होतो मी," तो म्हणाला. "घरी न्या म्हणून तंबूबाहेर बर्फात पोरासारखा रडलो. रावसाहेब म्हणाले, माणसाची अब्रू जाण्यापेक्षा स्टोव्हची गेलेली बरी. आणि मी आजवर तोंड शिवून बसलो!"

चेतनराव मला विझवायला वाकले. ओवीने डोळे पुसले. "राहू द्या, काका. महिपतीआजोबा थरथरताहेत. चहा टाकते."

मित्रांनो, जुन्या वस्तूला आणि गेलेल्या माणसाला नावे ठेवायची घाई करू नका. दोघांनाही उलट उत्तर देता येत नाही.

आणि रावसाहेब, अब्रू मी आनंदाने दिली असती हो. एकदा विचारायचे तरी होते!