दगाबाज म्हणतात मला

“अहो, मला उतरू द्या. एवढा उतार मी चालत येते.”

मित्रांनो, हा आवाज मी आठ वर्षांपूर्वी ऐकला. त्यानंतर कितीतरी आवाज आले आणि गेले. हा मात्र माझ्या पत्र्यात अडकून राहिला आहे. बंद खोलीत माशी गुणगुणत राहावी, तसा तो अजून माझ्या आत फिरतो.

मी एक जुनी मोटारसायकल आहे. बाजारात भाजी आणायला नेतात तसली नव्हे. माझ्या जातीच्या गाडीला दोन माहेरं असतात, एक डांबराचं आणि एक दगडमातीचं. म्हणून तर माझे पाय उंच, पुढचं चाक मोठं आणि पोटाखाली जाड पत्रा. खालून दगड लागला तर त्या पत्र्याला लागावा, माझ्या काळजाला लागू नये. गुळगुळीत रस्त्यावर मी घोड्यांत उंट उभा राहावा तशी दिसते, हे मला माहीत आहे. पण एकदा का डांबर संपलं, की घोडे परत फिरतात आणि उंट पुढे जातो.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एक बाई माझ्या चाकाच्या आऱ्या ताणायची. प्रत्येक आरीवर ती छोटा पाना हलकेच वाजवायची आणि मान तिरपी करून ऐकायची. एखादी आरी बेसूर वाजली की ती तिला पुन्हा पिळायची. सगळ्या आऱ्या एका सुरात आल्या तेव्हा तिने माझ्या चाकावर थाप मारली आणि म्हणाली, “आता ह्याच सुरात राहा गं.” माझ्या वाट्याला आलेला तो पहिला आशीर्वाद.

मला विकत घेतलं एका मोजणीदाराने. डोंगरउतारावरच्या जमिनी मोजायच्या, हद्दीचे दगड शोधायचे, नकाशावर रेघ ओढायची, हे त्याचं काम. माझ्या एका बाजूला मोजणीचं यंत्र, दुसऱ्या बाजूला त्या यंत्राची तिपाई आणि मागच्या सीटवर त्याची बायको. कचेरीतला मदतनीस आला नाही की टेपचं दुसरं टोक धरायला तीच यायची. आणि मदतनीस बऱ्याचदा यायचाच नाही! मला तर वाटतं, तो येऊ नये असंच दोघांनाही वाटत असे. चढ लागला की ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून आपल्याशीच गायची,

वाट वळणाची बाई, वळणावरी दगड
माझ्या सख्याच्या गाडीला उभ्या चढाची आवड

“गाडीला नाही, मला आवड आहे,” तो मान न वळवता म्हणायचा.

“तुम्हाला कुठली? तुम्ही नुसते बसता. चढते ती बिचारी.”

ती बिचारी म्हणजे मी. अशी बिचारी व्हायला कोणाला आवडणार नाही? रोज सकाळी तो माझ्या इंजिनावर तळवा ठेवायचा आणि मगच किल्ली लावायचा. घरी परतल्यावर चेनमधली माती जुन्या ब्रशने काढायचा. भल्याभल्यांना नाही जमलं ते हिने केलं, असं लोकांना सांगायचा. मी फुगून जायची.

मग त्याच्या हातांना काहीतरी झालं. मित्रांनो, गाडीला मालकाचे डोळे त्याच्या हातांतून कळतात. पूर्वी खड्डा लांब असतानाच त्याचा हात सावध व्हायचा. आता खड्डा चाकाखाली आला की हात दचकायचा. डावीकडचे दगड तर त्याला दिसतच नव्हते. एके दिवशी तो एकटाच दवाखान्यात जाऊन आला. त्याने एका कागदाची बारीक घडी केली आणि माझ्या सीटखालच्या हत्यारांच्या पिशवीत खोचली. घरात सांगितलं नाही. कचेरीत सांगितलं नाही. ज्या मोजणीदाराला दिसत नाही त्याने मोजायचं काय?

पुढे दोन महिन्यांनी तो उतार आला.

मोजणी उरकून आम्ही खाली येत होतो. सुट्या खडीची वाट होती. मागून ती म्हणाली, “अहो, मला उतरू द्या. एवढा उतार मी चालत येते.” तो म्हणाला, “मला काय आज गाडी शिकवतेस?” पुढे वाटेला आडवा पाण्याने खोदलेला ओघळ होता. तिला तो दिसला. ती ओरडली, तेव्हा त्याने ब्रेक दाबला. माझा ब्रेक लागला हो! जीव खाऊन लागला. पण तोवर पुढचं चाक ओघळात गेलं होतं. तो एका अंगाला फेकला गेला आणि मी तिच्या पायावर पडले. सगळं वजन घेऊन, तिच्याच पायावर. मला उठता येईना, तिला हलता येईना.

लोक जमले. कोणीतरी विचारलं, “झालं काय?”

तो धडपडत उठून बसला. म्हणाला, “ब्रेक लागलाच नाही.”

एवढंच वाक्य. पण असं वाक्य एकदा बोललं की त्याला रोज पाणी घालून जगवावं लागतं. दवाखान्यात विचारलं, पाव्हण्यांनी विचारलं, तिनेही विचारलं. दर वेळी तेच उत्तर. माझ्या मानेखालची सांगाड्याची नळी तडकली होती. ती सांधायला त्याने मला वेल्डिंगचं सांधकाम करणाऱ्या एका मित्राकडे नेलं. मित्राने सांधा दिला, ब्रेक दाबून पाहिले आणि म्हणाला, “अरे, ब्रेक तर ठणठणीत आहेत.”

“तू सांधा दे. ब्रेकचं मी बघतो,” मोजणीदार म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

तिचा गुडघा पुन्हा नीट वाकला नाही. हातात काठी आली. त्याने कचेरीत बसून करायचं काम मागून घेतलं आणि लोकांना सांगितलं, बायकोला असं टाकून डोंगरात कुठे हिंडू? लोकांनी वाहवा केली. डोळ्यांचं नाव निघालंच नाही. मला जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळलं. येता-जाता ती काठीचं टोक माझ्या चाकाला टेकवायची आणि म्हणायची, “दगाबाज!” एका आरीवर ती काठी रोज वाजायची. ती आरी बेसूर झाली. माझ्या हवेच्या डब्यात उंदरांनी संसार मांडला. गाणं मी पुन्हा ऐकलं नाही.

तो मात्र कधी कधी दुपारी यायचा. ताडपत्री उचलायचा, इंजिनावर तळवा ठेवायचा आणि निघून जायचा. गार इंजिनावर असा कितीदा हात ठेवला तरी ऊब येत नाही.

गेल्या महिन्यात घरात हलवाहलव सुरू झाली. दोघं लेकीच्या शेजारी, तिसऱ्या मजल्यावर राहायला जाणार. तिथे माझ्यासाठी जागा नाही. भंगारवाल्याला शनिवारी यायला सांगितलं. त्याआधी कोणी गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाही तर माझे तुकडे. मोजणीदाराने मला बाहेर काढलं, धुतलं, नवी बॅटरी बसवली, उंदरांना रजा दिली. कागद काढायला त्याचा हात दोनदा सीटपर्यंत आला आणि दोनदा माघारी गेला.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक फोटोवाला. त्याला मी चालते की नाही याच्याशी देणंघेणं नव्हतं, फोटोत कशी दिसते तेवढंच. दुसरा एक दुकानदार. तो माझ्यावर चढला खरा, पण त्याचे पाय जमिनीला पोचेनात. “शिडीही सोबत देणार का?” त्याने विचारलं. दोघांनाही दारातल्या खुर्चीवरून मोजणीदाराच्या बायकोने तेच सांगितलं, “घ्या खुशाल. पण हिचे ब्रेक ऐन वेळी लागत नाहीत. माझा गुडघा विचारा.” दोघंही गेले. मोजणीदाराने पुन्हा माझी सीट पुसायला घेतली.

गुरुवारी गुरांची डॉक्टर आली. तरुण, सडपातळ, बुटांना गोठ्याचा चिखल. तिने मला बैल पारखावा तसं पारखलं. आधी लांबून पाहिलं. मग जवळ आली आणि इंजिनावर तळवा ठेवला. किती वर्षांनी कोणीतरी विचारून हात लावावा तसा हात लावला!

“गरम आहे,” ती म्हणाली. “मी यायच्या आधी तापवून ठेवलीत ना, काका?”

“नाही, म्हणजे, जरा फिरवून आणली.”

“आजारी जनावर विकायच्या आधीही असंच फिरवून आणतात. मग ते तासभर बरं दिसतं.” ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते. “उद्या येते. तोवर हिला हात लावू नका.”

दारातून काठी वाजली. “पोरगी हुशार आहे,” मालकीणबाई म्हणाल्या.

शुक्रवारी ती सकाळीच आली. मी गारठलेली. तिने बटण दाबलं, मी खोकले. पुन्हा दाबलं, पुन्हा खोकले. तिसऱ्यांदा मी आठ वर्षांचा सगळा जीव एकवटला आणि चालू झाले. ती मला घेऊन आधी मोठ्या रस्त्याने गेली, मग दगडखाणीमागच्या वाटेला वळली. खडीवर ती सीटवरून उठून उभी राहिली, गुडघ्यांनी मला धरलं आणि हात सैल सोडले. जाणत्या माणसाची हीच खूण. खाणीच्या उतारावर तिने मुद्दाम जोरात ब्रेक दाबला. मी जागच्या जागी थांबले. तिने पुन्हा दाबला. मी पुन्हा थांबले. मित्रांनो, मला वाटलं, आता हिला कळलं. आता ही जाऊन सांगेल.

परत आल्यावर तिने माझं हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवलं. त्या पडण्यापासून डावीकडे ते जरा जास्तच वळतं. मग मानेखालच्या सांध्यावरून बोट फिरवलं. सीट उघडून हत्यारांची पिशवी पाहिली, तर तो घडीचा कागद बाहेर आला. तिने तो न वाचता मोजणीदारापुढे धरला. “तुमचा कागद राहिला, काका.”

त्याने तो खिशात घातला. चटकन.

“गाडी मला हवी आहे,” ती म्हणाली. “माझं काम असं आहे, की निम्मी वाट डांबराची आणि निम्मी दगडांची. जुनी गाडी दगडांत बंद पडली होती तेव्हा एक गाय माझ्या हातून गेली. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. म्हणून विचारते. ही जोरात पडली आहे. सांधा चांगला दिसतो, तरी मी दाखवून घेईन. पण पडली कशाने?”

“सांगा की,” मालकीणबाई म्हणाल्या. “ब्रेक लागला नाही म्हणून.”

“मग ब्रेक बदलले?”

मोजणीदाराने मान हलवली. नाही.

“म्हणजे तेच ब्रेक? मी आत्ता उतारावर दोनदा पाहिले, उत्तम आहेत. तरी एकदा लागले नाहीत आणि का ते कोणालाच माहीत नाही?” तिने सीट बंद केली. “काका, रोग सापडला तर मी औषध करीन. पण रोगच सापडत नसेल तर असं जनावर मी गोठ्यात आणत नाही. का पडली ते सांगा, मी आत्ता नेते. नाही तर राहू द्या.”

तिने किल्ली सीटवर ठेवली.

मित्रांनो, गाडीची काळजी घ्या, तेल बदला, चेन पुसा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी त्या क्षणी तिथे उभी राहून दुसरंच मागत होते. ज्याला तोंड नाही त्याच्या माथी आपली चूक मारू नका. ते उलटून बोलत नाही, म्हणून ते काम फार सोपं असतं. पण मग त्या मुक्याला गंज चढतो आणि बोलणाऱ्यालाही. मी हे ओरडून सांगितलं असतं. माझ्याकडे होता फक्त एक हॉर्न, आणि तोही दुसऱ्याच्या बोटाने वाजणारा.

डॉक्टर फाटकापर्यंत गेली. मोजणीदाराचा हात खिशात होता. आतल्या आत कागद चुरगळल्याचा आवाज मला ऐकू आला. मग तो हात बाहेर आला. त्याने कागद डॉक्टरला दिला नाही. तो दारापर्यंत चालत गेला, खुर्चीपुढे खाली बसला आणि बायकोच्या मांडीवर कागद ठेवून आपल्या सुरकुतल्या हातांनी त्याची घडी उलगडू लागला. तिने तारीख वाचली. पुन्हा वाचली. मग हातातली काठी हळूच जमिनीवर आडवी ठेवली.

“ही तर आपण पडलो त्याच्या दोन महिने आधीची आहे,” ती म्हणाली.

“हो,” तो म्हणाला. “ब्रेक लागला होता गं. मीच उशिरा दाबला. तो ओघळ मला दिसलाच नाही. तू उतरू द्या म्हणालीस, आणि उतरू दिलं असतं तर कबूल करावं लागलं असतं, की मला दिसत नाही.”