मौनीबाबाचं तोंड

दिवसभर ज्या माणसाचं तोंड उघडत नाही त्याचं रात्री मिटत नाही, हा कुठला न्याय, असं त्याची बायको शेजारणीला विचारायची. शेजारणीचं म्हणणं, आमच्याकडे ते दिवसाही मिटत नाही.

मोठमोठाली खोकी उतरवून घेणाऱ्या एका गोदामात तो क्रेन चालवायचा. जमिनीपासून पाच-सहा मजले उंचावर काचेची केबिन, आत एक खुर्ची, दोन दांडे आणि तो. खालच्याने हातवारे करायचे, वरच्याने ओझं उचलायचं. बोलायचं कुणाशी आणि कशाला? गोदामातले लोक त्याला मौनीबाबा म्हणत. नाव त्याला आवडत होतं की नाही ते कळायला मार्ग नव्हता, कारण त्याबद्दल तो काही बोललाच नव्हता.

असा हा मौनीबाबा एके दिवशी भर सकाळी केबिनमध्ये झोपला. कमोडची भांडी भरलेलं एक खोकं त्या वेळी हवेत लटकत होतं, ते लटकतच राहिलं. खालच्या लोकांना वाटलं, बाबा विचार करतोय. त्याच्या विचाराला मान देऊन ते चहा पिऊन आले. आले तरी खोकं तिथेच आणि बाबाही तिथेच, तेव्हा कुणीतरी शिडी चढून वर गेलं.

कुणाला लागलं नाही, एक भांडंही फुटलं नाही. पण साहेबांनी बोलावलं. साहेब तसे भले गृहस्थ. ते म्हणाले, "झोप मलाही लागते. मीटिंगमध्ये तर हमखास लागते. पण माझ्या हातात खोकं नसतं."

मग झोपेचा दवाखाना झाला. तिथे एक रात्र अंगाला वायरी लावून त्याला निजवलं आणि सकाळी निकाल दिला: झोपेत याचा घसा मिटतो, श्वास थांबतो, गुदमरून हा अर्धवट जागा होतो, परत झोपतो, परत थांबतो. म्हणजे लग्नापासून आजवर ज्या माणसाच्या घोरण्याने घर हादरत होतं, तो माणूस खरं म्हणजे झोपतच नव्हता. बायकोला हे ऐकून वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. निदान एकाने तरी झोप घेतली असती तर तिचं जागरण सार्थकी लागलं असतं.

उपाय म्हणून सीपॅप नावाचं यंत्र मिळालं. डब्याएवढं यंत्र, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. रात्रभर ते नाकातून हवा ढकलतं, त्या दाबाने घसा उघडा राहतो. अट एकच, तोंड मिटलेलं हवं. तोंड उघडलं की नाकातून गेलेली हवा तोंडातून परत येते आणि घसा पुन्हा आपल्या वळणावर जातो.

साहेबांची अटही एकच होती. महिनाअखेरपर्यंत यंत्राचा अहवाल चांगला आला तर केबिन परत, नाही तर फाटकावरचा वजनकाटा, कायमचा. तोवर तात्पुरता वजनकाटाच. वजनकाटा म्हणजे काम हलकं, बसायला पंखा, वर चढणं-उतरणं नाही. फक्त येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याशी बोलावं लागे. नुसतं बोलावं नाही, भांडावं लागे, कारण आपल्या ट्रकचं वजन बरोबर आहे असं मानणारा ट्रकवाला अजून जन्माला यायचाय. पहिल्याच आठवड्यात मौनीबाबाला जेवढं बोलावं लागलं तेवढं तो स्वतःच्या लग्नातही बोलला नव्हता. संध्याकाळी घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. बायकोने चहा हवा का विचारलं तर तिच्याकडे असा बघायचा, की बाई, माझ्यातले शब्द संपले.

आणि रात्री तोंड उघडायचंच.

सकाळी उठावं तर जीभ टाळूला चिकटलेली. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते त्याला या वयात कळलं. यंत्राच्या छोट्या पडद्यावर रोज सकाळी एक चेहरा उमटे: हवा नीट गेली तर हसरा, गळती झाली तर रडका. याच्या नशिबी रोज रडका. बायको शिवणकाम करायची, दिवसभर गिऱ्हाइकांचे पडलेले चेहरे बघायची सवय होती तिला. पण उठल्याउठल्या यंत्राचंही तेच, म्हणजे फार झालं.

दवाखान्यात मास्क बसवून देणारी एक पोरसवदा बाई होती, तिला सगळे मास्कताई म्हणत. ती शहाणी होती आणि दमलेलीही. आधी नाक चोंदतं का ते बघा, म्हणाली. नाक मोकळं होतं. यंत्रातल्या भांड्यात पाणी घालून हवा ओलसर करा, म्हणाली. केली. तोंड कोरडं पडायचं ते थोडं कमी पडू लागलं, उघडायचं ते उघडतच राहिलं. मग तिने नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क दिला. दवाखान्यात तो असा बसला जसा त्याच्याच मापाने बेतलेला. घरी मात्र गालाजवळून हवा फुसफुसायची, डोळ्यांत जायची. पट्टे आवळले तर नाकावर वळ उठले. मास्कताईला वाटलं, काका नीट लावत नाहीत. काकांना वाटलं, वजनकाटा कपाळावर लिहिलेला दिसतोय.

इथे मेहुणे आले. हे बायकोचे थोरले भाऊ, विजेच्या सामानाचं दुकान, आणि जगात असा विषय नाही ज्यावर त्यांचं मत नाही. त्यांनी दुकानातून चिकटपट्टी आणली, वायरीला लावतात ती काळी. म्हणाले, दाजी, गळती कुठलीही असो, पट्टी ही. त्या रात्री बायकोची पाठ वळलेली बघून दाजींनी तोंडावर पट्टी लावली. सकाळी काढली तेव्हा अर्धी मिशी पट्टीबरोबर गेली. मास्कताईला कळलं तेव्हा ती पहिल्यांदा रागावली. रात्री उलटी झाली, नाक चोंदलं, तर काय करणार होतात? मला न विचारता तोंडाला काहीही चिकटवायचं नाही. फाटकावर उरलेल्या अर्ध्या मिशीची चौकशी प्रत्येक ट्रकवाल्याने स्वतंत्रपणे केली, आणि प्रत्येकाला उत्तर द्यावं लागलं.

मग बायकोने मास्कताईला विचारून हनुवटीचा पट्टा शिवला. कॉलरमधलं कडक कापड, घागऱ्याचं इलॅस्टिक, कानाशी मऊ अस्तर. शिवण अशी की दुकानात ठेवावा. पण पट्टा लावला की हनुवटी वर यायची, इतकी वर की नाकाला भेटायला निघाल्यासारखी, आणि मास्क जागचा हलायचा. तिने तो तीनदा उसवला, तीनदा शिवला. शेवटी ती त्याच्या शेजारी पडून हनुवटीखाली हात धरू लागली. हात घसरला की ती जागी व्हायची. त्याला झोप नाही म्हणून तिला झोप नाही, आणि तिला नाही म्हणून गिऱ्हाइकांची धडगत नाही. एका ब्लाउजला तिने दोन्ही बाह्या एकाच बाजूला लावल्या.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या घरात बोलायची पद्धत नव्हती. मौनीबाबाला कवळी होती. वरची, खालची, पूर्ण. रात्री जेवण झालं की तो न्हाणीघरात जायचा, कडी लावायचा, दात काढून घासायचा आणि झाकणाच्या डब्यात पाण्यात ठेवायचा. डबा फडताळात साबणाच्या मागे. हे बायकोला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्याला माहीत होतं, पण त्यावर शब्द नाही. कारण होते मेहुणे. मेहुणे दाजींपेक्षा वयाने मोठे, आणि चारचौघांत अक्रोड दाताने फोडून दाखवायचे. फोडून झाला की दाजींकडे बघायचे. दवाखान्यात पहिल्या दिवशी मास्कताईने विचारलंही होतं, दात स्वतःचे का? शेजारी मेहुणे बसले होते, गाडी त्यांची म्हणून. मौनीबाबाने मान डोलावली. बायको छताच्या पंख्याकडे बघत राहिली. मान डोलावण्यात खोटं बोलल्याचं पाप लागत नाही, असा त्याचा समज असावा.

महिना संपत आला. एका दुपारी फाटकावर एका ट्रकवाल्याशी असं वाजलं की साहेब खाली आले. त्यांनी याला घरी पाठवलं आणि जाताना सांगितलं की पुढच्या आठवड्यात काय तो निर्णय घेऊन टाकू. तो घरी आला तो सरळ पलंगावर. मास्कताईने बजावलं होतं, डुलकी घ्यायची तरी मास्क लावा. आज्ञाधारक माणूस, त्याने मास्क लावला. बूट काढायचे राहिले. दिवेलागणीला बायकोने हलवून उठवलं तेव्हा तो इतका गाढ होता की ती घाबरली. यंत्राच्या पडद्यावर चेहरा हसत होता. यंत्र बिघडलं, असं दोघांनाही वाटलं.

यंत्राचा अहवाल दवाखान्यात परस्पर जायचा. मास्कताईचा निरोप आला, दोघं या. दोघं म्हणजे तिघं. मेहुणे गाडी घेऊन हजर होते. पडद्यावर सगळ्या रात्रींच्या रेघा डोंगरासारख्या, आणि ती एक दुपार सपाट. मास्कताई त्या सपाट रेघेवर बोट ठेवून म्हणाली, ही एकच झोप खरी आहे काका, त्या दुपारी वेगळं काय केलंत?

मेहुण्यांनी लगेच तर्क मांडले. दुपारी विजेचा दाब बरा असतो. शिवाय बूट घातलेले होते, बुटांच्या वजनाने माणूस स्थिर राहतो. मास्कताईने बूट खरोखर लिहून घेतले, इतकी ती थकली होती.

बायकोच्या मात्र लक्षात आलं. त्या संध्याकाळी त्याला उठवण्याआधी ती न्हाणीघरात साबण घ्यायला गेली होती, आणि साबणामागचा डबा रिकामा होता. तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याने तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात न बोलता बोलायची सवय झालेली, त्यामुळे पुढचं सगळं नजरेतच झालं. ती म्हणत होती, सांगा. तो म्हणत होता, तुझे दादा बसलेत. ती म्हणत होती, मग वजनकाटा. मी नाही आता हनुवटी धरणार.

मौनीबाबाने खिशातून रुमाल काढला, टेबलावर पसरला, तोंडात हात घातला आणि दोन्ही कवळ्या रुमालावर ठेवल्या. त्याचे गाल आत गेले, हनुवटी सैल पडली, आणि अर्ध्या मिशीखालचं तोंड आपसूक उघडलं.

"रात्री हे नसतात," तो म्हणाला.

मास्कताईने त्या दातांकडे बघितलं. मग तिने बूट खोडले.

ती सावकाश म्हणाली, "काका, दातांशिवाय ओठांना आधार नाही, जबड्याला जागा नाही. मी माप घेतलं एका तोंडाचं आणि तुम्ही झोपत होतात दुसऱ्याच तोंडाने."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणून गप्प बसायचीही सोय नव्हती. ओठ तेवढे आपले होते.

तिने दातांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, एरवी मी रात्री काढूनच ठेवायला सांगतो, हिरड्यांना विसावा हवा. पण यांनी दात घासून, कवळी घासून, मग लावून झोपलं तर चालेल. मात्र विसावा दिवसा द्यायचा, रोज, काही तास, आणि मला येऊन दाखवत राहायचं.

परतताना गाडीत कुणी बोललं नाही. मौनीबाबाचं ठीक आहे, पण मेहुणेही गप्प, म्हणजे काळजीचं कारण. घराच्या वळणावर त्यांनी गाडी हळू केली.

"दाजी, आधी सांगायचं ना," ते म्हणाले. मग समोर बघतच म्हणाले, "अक्रोड मी घरून दाराच्या बिजागरीत चेपून आणतो. दोन वर्षं झाली. माझ्या दाढा हलतात."

मागच्या सीटवर त्यांची बहीण खिडकीला डोकं टेकून केव्हाच झोपली होती. हे ऐकायचं तिचं राहूनच गेलं, आणि मौनीबाबाने तिला ते कधी सांगितलं नाही.

त्या रात्रीपासून कवळीची रात्रपाळी सुरू झाली. नाकावरचा छोटा मास्क, हनुवटीला सैल पट्टा, आतून दात. तोंडाने लगेच ऐकलं असं नाही. एक-दोन सकाळी चेहरा रडकाच होता. मग तो ना हसरा ना रडका असा झाला, आणि मग एकदाचा हसला. साहेबांनी सगळ्या रेघा बघितल्या, डोंगर कुठे संपले ते विचारलं, आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी केबिनची किल्ली परत दिली. कसं जमलं, हेही विचारलं. मौनीबाबाने मान डोलावली.

घरी बायको अजून मधेच जागी होते आणि अंधारात त्याची हनुवटी चाचपते. तोंड मिटलेलं असतं. मग तिला काही काम उरत नाही. इतक्या वर्षांची झोप तिला आता दिवसा येते, शिलाई यंत्रावर मान टाकून, आणि गिऱ्हाइकं दाराशी थांबून परत जातात. तिला उठवायची कुणाची हिंमत होत नाही.

आणि तो सकाळी शिडी चढतो. चढताना हल्ली मधल्या पायरीवर टेकावं लागतं. झोप आली म्हणून वय काही मागे जात नाही. वर पोचल्यावर दार लावतो, खिशातला डबा काढतो, त्यात पाणी ओततो आणि दात त्यात ठेवून डबा खिडकीशी ठेवतो. डॉक्टरांनी सांगितलेला विसावा. दोन दांड्यांवर हात ठेवून तो खाली बघतो. खालचा माणूस हात वर करतो, हा मान हलवतो, खोकं उचललं जातं. बोलायचं कुणाशी नाही. गाल आत, हनुवटी सैल, तोंड उघडं. एवढ्या उंचीवर ते कुणाला दिसत नाही, आणि माणूस जागा असेल तर त्याच्या उघड्या तोंडाला गोदामाची हरकत नाही.