रेघा वाढल्या, रंग तेवढाच

सुमनताई निघोज्याजवळच्या एका कंपनीत पॅकिंगला होत्या. नवऱ्याच्या मागं परभणीकडून आलेल्या, शाळा सातवीत सुटलेली. मशीन चालवायचं मात्र त्यांच्या मनात कधीपासून होतं. ऑपरेटरच्या ट्रेनिंगसाठी पॅकिंगच्या बायकांनाही परीक्षा देता येईल असं कंपनीनं सांगितलं, तेव्हा पहिलं नाव त्यांनीच दिलं.

तयारी करून घ्यायला अल्फिया होती. गावातल्या गॅरेजवाल्याची मुलगी, ताथवड्याला इंजिनीअरिंग शिकणारी. दर रविवारी समाजमंदिरात पाच-सात बायका तिच्यापुढं बसायच्या. बेरीज-गुणाकार सुमनताईंनी झपाट्यानं उरकले. अडलं ते अपूर्णांकांपाशी.

“तीन छेद चार आणि सहा छेद आठ, दोन्ही सारखेच,” अल्फियानं फळ्यावर लिहिलं.

“सारखे कसे, मॅडम? तिनापेक्षा सहा जास्त, चारापेक्षा आठ जास्त. सहा छेद आठच मोठं की!”

अल्फियानं वरच्या-खालच्या आकड्यांना दोननं गुणून दाखवलं. पुढच्या रविवारी पुन्हा दाखवलं. सुमनताईंनी उतरवून घेतलं आणि पेन खाली ठेवला.

“पाठ करीन मी. पण मनाला पटंना गेलंय. न पटलेलं परीक्षेत कसं आठवंल? माझं नाव काढा बाई त्यातून.”

अल्फियानं एक कोरा कागद त्यांच्यापुढं ठेवला. “नाव मग काढू. आधी याला घड्या घाला. चार उभ्या पट्ट्या दिसल्या पाहिजेत. त्यातल्या तीन रंगवा.”

सुमनताईंनी लाल पेन्सिलीनं तीन पट्ट्या रंगवल्या.

“आता मधोमध एक आडवी घडी घाला आणि उघडा. किती घरं झाली?”

“आठ.”

“लाल किती?”

“सहा.” सुमनताई थांबल्या. कागदावरून त्यांनी तळवा फिरवला. “पण लाल काय वाढलं न्हाई. रंग तेवढाच हाय. नुसत्या रेघा वाढल्या!”

“हेच तर सांगत होते मी.”

“मग असं सांगायचं की वो आधीच!”

सगळ्या बायका हसल्या, अल्फियाही. सुमनताईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी दुसरा कागद घेतला, पुन्हा चार पट्ट्यांतल्या तीन रंगवल्या, पण या वेळी आडवे तीन भाग पाडले. घरं बारा, लाल नऊ. “नऊ छेद बारा बी तेवढंच!” त्या ओरडल्याच. घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला, ज्योतीरामला, घड्या घालायला बसवलं.

परीक्षेत मात्र एक प्रश्न अनोळखी निघाला. तीन छेद पाच आणि दोन छेद तीन, यांतलं मोठं कोणतं? हे अल्फियानं शिकवलंच नव्हतं. एकात पाच भाग, दुसऱ्यात तीन. तुलना करायची कशी? मग सुमनताईंनी कच्च्या कागदावर एक चौकोन काढला. पाच उभ्या पट्ट्या पाडल्या. त्याच चौकोनात तीन आडव्या पाडल्या. घरं झाली पंधरा. तीन उभ्या पट्ट्यांत नऊ घरं. दोन आडव्या पट्ट्यांत दहा. घरं सगळी सारखीच, मग आता मोजायला कसली भीती! दोन छेद तीन मोठं. एका घरानं, पण मोठं. त्यांना तिथंच टाळी वाजवावीशी वाटली.

निकालाच्या दिवशी परीक्षा दिलेले सगळे कंपनीच्या ट्रेनिंगच्या वर्गात जमले, तेव्हा ट्रेनिंगचे रविराज सर त्यांचा कच्चा कागद घेऊन आले. “सुमनताई, हा चौकोन कुणी शिकवला?”

“घडी अल्फिया मॅडमनी शिकवली, सर. दोन्हीकडून रेघा मारायचं मला सुचलं.”

“जरा फळ्यावर काढून दाखवा. सगळ्यांना बघू दे.”

सुमनताई उठल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात खडू होता आणि समोर वर्ग. त्यांनी रेघा मारल्या, घरं मोजली, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात समजावलं. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. निवड झालेल्यांत त्यांचं नाव होतं.

फोनवर अल्फिया एवढ्या जोरात किंचाळली, की तिचे अब्बा गॅरेजमधून धावत आले.

सोमवारी सकाळी कंपनीची बस थांबली. बायका पॅकिंगच्या दाराकडं वळल्या. सुमनताईंनी पदर खोचला, मैत्रिणींना हात केला आणि सरळ मशीन शॉपच्या दारानं आत गेल्या.